पियानो सुरात आहे

४ मार्च

सौ. सूनबाईस,

आशीर्वाद. पत्रास कारण की तुझी अट पुरी झाली आहे.

काल सुरवाला येऊन गेला. झाकण उघडून त्याने सगळ्या तारा एकेक करून तपासल्या. म्हणाला, मागच्या फेरीत लावलेला सूर जागच्या जागी आहे, एखाददुसऱ्या तारेला किल्ली लावली तेवढीच. मधल्या काळात त्याला एकदाही बोलवावं लागलं नाही. तू जाताना माझ्या मुलाला म्हणाली होतीस, "या घरात पियानो एका फेरीपासून दुसऱ्या फेरीपर्यंत सुरात राहिला आणि तसं आईंनी मला स्वतःच्या हाताने लिहून कळवलं, तर मी येईन. तुमच्या शब्दावर नाही, आईंच्या." हे त्याने मनावर घेतलं.

पूर्वी सुरवाला दर महिन्याला यायचा. कधी पट्ट्या फुटलेल्या असायच्या, कधी आतल्या हातोड्या मोडलेल्या. त्या दिवसांविषयी आता बोलायचं नाही, असं आम्ही ठरवलं आहे. गेल्या सगळ्या काळात त्याने पियानोवर एकदाही हात उगारलेला नाही. हे मी खरं सांगते. पियानोवर नाही.

घरात आता खूप शांतता असते. चष्म्याच्या दुकानातून आल्यावर तो आधी पियानोच्या खोलीत जातो. तिथे भिंतीवर त्याने हवेतला दमटपणा दाखवणारा काटा टांगला आहे. पियानोच्या लाकडाला हवा एकसारखी लागते. ती कमीजास्त झाली की लाकूड फुगतं, आक्रसतं आणि तारा उतरतात. म्हणून खिडक्या आम्ही उघडत नाही. वाफ नको म्हणून स्वयंपाक मी मागच्या अंगणात करते. मोकळ्या हवेत बरं वाटतं.

अक्षर वाकडं आलं आहे, त्याचं मनावर घेऊ नकोस. पाय घसरला आणि मनगट मुरगळलं.

ठकूची खोली नव्याने रंगवून घेतली. तिच्या दाराला नवी कडीही बसवली आहे. बापाला लेकीची आठवण येते. दुकानात येणारी माणसं विचारतात, सूनबाई आणि नात कुठे असतात, तेव्हा त्याला वाईट वाटतं.

तर पियानो सुरात आहे. कधी येतेस ते कळव. हे पत्र तोच पेटीत टाकणार आहे.

आई

११ मार्च, दुपार

अगं बये, ते आधीचं पत्र चुलीत घाल.

मी तुला जन्मात कधी "सौ. सूनबाईस" लिहिलंय? "पत्रास कारण की" म्हणे! मेलं ते त्याने सांगितलं आणि मी खरडलं. खुर्चीच्या मागे उभा होता, एक हात माझ्या मानेवर. दाबत नव्हता हं. नुसता ठेवला होता.

येऊ नकोस. पुन्हा लिहिते, येऊ नकोस. ठकूला घेऊन तर मुळीच नाही. पुढचं वाचायला सवड नसेल तर एवढंच वाच आणि बस.

आता पुढचं. त्या पत्रात खोटं काही नव्हतं, हीच तर मोठी गंमत. पियानो सुरात आहे. कसा राहिला ते ऐक.

ऑक्टोबरात सुरवाला आला. तुला माहीत आहे तो कसा, आला की चहात साखर किती घालायची तेच आधी सांगणार, मग कुणाच्या पियानोत उंदराने पिल्लं घातली, कुणाच्या घरी नवराबायको बोलत नाहीत म्हणून दोघांच्या वेळा वेगळ्या लावल्यात, सगळं पुराण. त्याने चार पट्ट्या दाबून बघितल्या आणि म्हणाला, "साहेब, सूर फार उतरलाय. एका दमात वर ओढला तर टिकणार नाही. आज थोडा ओढतो, बसू देतो, मग पुन्हा येतो." माझ्या लाडक्याला वाटलं, पुन्हा बोलावलं म्हणजे तुझी अट मोडली. म्हणाला, "आजच्या आज." सुरवाला हसला. बिचाऱ्याला वाटलं, थट्टा चाललीय. त्याचे हात पट्ट्यांवरच होते.

याने झाकण आदळलं.

बोटं मोडल्याचा आवाज कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. सुरवाला हात पोटाशी धरून खाली बसला. मी धावले तर मला कोपराने असं ढोसलं की मी दाराच्या चौकटीवर जाऊन पडले. मग यानेच सुरवाल्याची बोटं रुमालात बांधली, त्याच्या हातात किल्ली दिली आणि गोड आवाजात म्हणाला, "चालू दे." त्यानंतर कितीतरी दिवस तो माणूस रोज येत होता, मोडक्या बोटांनी थोडा थोडा सूर वर ओढत होता. ती सगळी मिळून एकच फेरी धरायची, असं आमच्या साहेबांनी ठरवलं. कायदा त्याचा, न्यायाधीशही तोच. आणि सुरवाला का आला? अगं, भीतीने. तो आहेच घाबरट. आपल्यातलं कोण नाही?

मग सुरू झाला काट्याचा संसार. काटा हलता कामा नये. खिडक्यांना त्याने बाहेरून फळ्या ठोकल्या. घरात पातेलं उकळायचं नाही. कडाक्याच्या थंडीत अंगणात बसून मी स्वयंपाक करते आणि गार पाण्याने अंघोळ करते, या वयात. डिसेंबरात मला खोकला झाला. छाती भरली. तो दुकानात गेल्यावर मी म्हटलं, कोण बघतंय, आणि पाणी तापवून वाफ घेतली. घटकाभर, बास. संध्याकाळी आला. काट्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. चष्मा काढला, फडक्याने पुसला, डबीत ठेवला.

चष्मा डबीत गेला की पुढचं काय ते तुला सांगायला नको.

त्याने मला तेच पातेलं पुन्हा चुलीवर ठेवायला लावलं. पाणी उकळेपर्यंत दोघं शेजारी शेजारी उभे होतो. मग माझा हात धरून आत दाबला. मी सोडवून घ्यायला गेले, तर मनगट पिरगळलं. मुरगळलं म्हणून कळवलं ना तुला, ते हे. मी किंचाळले आणि काय सांगू, पलीकडच्या खोलीत पियानो आतून घुमला. मोठ्याने ओरडलं की त्याच्या तारा आपोआप थरथरतात. तुला माहीतच असेल, तुझी विद्या. त्याने ते ऐकलं मात्र, आणि माझ्या तोंडात फडकं कोंबलं. म्हणाला, "आई, सूर बिघडेल." आई म्हणाला. तेव्हापासून ओरडायलाही बंदी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

पियानोला मात्र बोट लावत नाही हो. तुझी अट अगदी शब्दाशब्दाने पाळतो. रोज फडक्याने पुसतो, बाळाला पुसावं तसा. पण त्याच्या हातांना काही ना काही लागतंच, तुला ठाऊक आहे. पूर्वी तू होतीस, तू सापडली नाहीस तर पियानो होता. आता मी आहे. तुझ्या वेळी मी काय केलं आणि काय नाही ते दोघींनाही माहीत आहे, ते उगाळत बसायची ही वेळ नाही.

तुला वाटेल, म्हातारी मग निघून का जात नाही? जाईन कुठे? माझा भाऊ दोन दिवस ठेवून घेईल आणि तिसऱ्या दिवशी याच्या हवाली करील. आणि मी गेले तर तुला "येऊ नकोस" म्हणायला इथे कोण उरलं? शिवाय खरं सांगू? पोटचा आहे मेला. तो जेवला नाही तर मला अजून घास उतरत नाही. या मनाचं काय करायचं ते मला कळत नाही, तुला कळलं तर सांग.

तो बदलला असेल असं तुझ्या मनात येईल, तुझा स्वभावच तसा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे लक्षात ठेव. ठकूच्या दाराची ती नवी कडी आठवते ना? ती बाहेरून आहे.

आता हे पत्र तुझ्यापर्यंत कसं पोचणार, तेही सांगते. सुरवाला दोन तारांच्या मधे रबराची पाचर घालतो बघ, एकीचा आवाज बंद करून दुसरी लावायला. ३ तारखेला तो चहा पीत असताना ती मी लपवली. तिच्यावाचून त्याचं काम अडतं, ती शोधत तो येणारच. आज दुपारी येतो असा निरोप आहे. पाचरीबरोबर हे त्याच्या पिशवीत टाकीन आणि सांगीन, बाबा रे, एवढं पेटीत टाक, मरेपर्यंत तुला मनासारखा चहा पाजीन.

दार वाजतंय. येऊ नकोस.

आई

१९ मार्च

सौ. सूनबाईस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. रविवारी सकाळी ठकूला घेऊन येतेस, हे वाचून आम्हा दोघांना आनंद झाला.

वरच्या दोन ओळी खोडल्या आहेत, तिकडे बघू नकोस. ठकूची शाळा बुडेल, घाई कशाला, सुट्टी लागल्यावर बघू, असं काहीतरी मी म्हातारपणी लिहीत बसले होते. शाळा इथेही आहे. त्याने चौकशी केली आहे.

तुझं पत्र त्याने मला वाचून दाखवलं. "आईंचं अक्षर बघितलं आणि जीव भांड्यात पडला" असं तू लिहिलं आहेस. ते वाक्य त्याला फार आवडलं, त्याने ते पुन्हा वाचलं.

टपाल तुझ्याकडे वेळेवर येतं ना? माझी सगळी पत्रं मिळतात ना?

रविवारी मी दारातच उभी असेन. पियानो सुरात आहे.

आई

२ एप्रिल, इस्पितळ

सूनबाई,

आशीर्वाद तुला नेहमीच आहेत. ते काही तू माझ्यावर रागावलीस म्हणून थांबायचे नाहीत.

हे अक्षर माझं नाही. इथल्या सिस्टरचं आहे. मी सांगते आणि ती लिहिते. मग हे मीच सांगतेय हे तुला कसं कळणार? तर शिव्यांवरून ओळख. ही पोरगी म्हणते, आजी, शिव्या नको. लिही गं तू मुकाट्याने.

सोबत एक जुनं पत्र आहे, ११ मार्चचं. ते आधी वाच आणि मग हे पुढचं वाच. ते तुला मिळालंच नव्हतं. तो सुरवाला, त्याचं तळपट होवो, ते टपालात टाकायला गेला आणि पेटीपाशी त्याला आमच्या साहेबांच्या दुकानाची पाटी दिसली. तसाच मागे फिरला. पत्र पिशवीत तसंच राहिलं. इथे येऊन माझ्या पायांवर डोकं ठेवून रडला. मी त्याला तोंडात येईल ते बोलले. मग त्याची वाकडी बोटं बघितली आणि म्हटलं, जा बाबा, चहा घे.

आता रविवारचं.

तो सकाळपासून फाटकात उभा होता. इस्त्रीचा सदरा, भांग पाडलेला. शेजारणीला हसून नमस्कार करत होता. मी आत पियानोच्या खोलीत. तू येऊ घातलीस म्हणजे माझं पत्र पोचलं नाही, हे १९ तारखेलाच कळलं होतं. त्यानंतर त्याने मला एकटीला उंबऱ्याबाहेर सोडलं नाही. काय करू? दारात येऊन "पळ" म्हणून ओरडू? ओरडले असते, पण तुला मी ओळखते ना. विहिरीत मांजर पडलं तरी उडी मारणारी तू. माझा भाजलेला हात, माझं तोंड बघितलं असतंस तर पळाली नसतीस. मला सोडवायला आत आली असतीस, ठकूचा हात धरून. आणि एकदा तू आत आलीस की दार त्याचं, कडी त्याची.

तू पळावीस तर तू माझा तिरस्कार करायला हवा होतास. दुसरा रस्ता मला दिसला नाही.

खिडक्या ठोकताना वापरलेली हातोडी मागच्या कपाटात होती. तुमची गाडी फाटकाशी थांबल्याचा आवाज आला आणि मी पियानोचं झाकण उघडलं. तुझ्या आईचा पियानो गं तो. लहानपणी तू तिच्या मांडीवर बसून शिकलीस, तुझ्याबरोबर या घरात आला. मला सगळं ठाऊक आहे. पहिला घाव भलतीकडेच पडला. दुसरा जरा बरा बसला. तिसऱ्याला, देवाशप्पथ, बरं वाटलं. त्या खोक्याचा सूर राखायला मी किती मार खाल्ला होता! पट्ट्या दातांसारख्या उडत होत्या. मग वरची फळी काढली आणि तारांवर घातले. एक तुटली ती कानाजवळून सूं करत गेली. भिंतीवरचा तो मेला काटाही फोडला. सिस्टर हसतेय. हस, हस.

तशीच बाहेर आले. तू फाटकाच्या आत पाऊल टाकलं होतंस आणि आवाज ऐकून जागच्या जागी थिजली होतीस. तुझी नजर त्याच्यावर, कारण तो तर तुझ्यासमोर उभा, मग आत फोडतंय कोण? भाजलेला हात मी पाठीमागे धरला. आणि सुटले. भवाने, टवळे, आलीस का पुन्हा आमच्या मुळावर, तुझ्या आईचं खोकं फोडलं बघ, आता तुझं डोकं फोडते. तुझ्या मेलेल्या आईवरून काय काय बोलले ते इथे सांगवत नाही. तीही बाई मला वरून बघत असेल तर तिने मला समजून घ्यावं. हातोडी फेकली ती मुद्दाम लांब फेकली हं, नेम माझा वाईट नाही. ठकूने दोन्ही कान झाकले आणि तुझ्या पोटात तोंड खुपसलं.

तू म्हणालीस, "आई, मी तुमच्या अक्षरावर विश्वास ठेवून आले हो."

हे तू नसतं म्हटलंस तर बरं झालं असतं. इथे दिवसभर छताकडे बघत पडलेली असते आणि तेच ऐकू येतं.

मी म्हटलं, "चालती हो." तू ठकूला उचललंस आणि गाडीत बसलीस. गाडी वळली, कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली आणि माझ्या छातीत इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मोकळा श्वास गेला.

तो अजून हसतच होता. चेहऱ्यावर बसवलेलं हसू काढायचं राहून गेलं होतं. समोरच्या लोकांना हात केला, "वय झालंय हो आईचं," म्हणाला. मला दंडाला धरून आत आणलं, हळूच, जपून. दार लावलं. चष्मा काढला. पुसला. डबीत ठेवला.

माझे दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवले, जिथे पट्ट्या उरल्या होत्या तिथे. आणि झाकण आदळलं. उघडलं, पुन्हा आदळलं. दर खेपेला नुसता श्वास घेत होता, लाकूड फोडणारा माणूस घेतो तसा. हाडं मोडली तशी झाकणाखालून हात ओढून घ्यायचंही बळ राहिलं नाही. मी ओरडले. आता सूर बिघडायचं भय नव्हतं, मग कशाला कमी करू? घसा फाटेस्तोवर ओरडले आणि उरल्यासुरल्या तारा माझ्याबरोबर घुमत राहिल्या. मग त्याने माझे केस धरून डोकं पियानोच्या आतल्या लोखंडी चौकटीवर आपटलं. पुढचं मला अर्धवटच आठवतं.

शेजारच्या सुताराने खिडकीची फळी पहारीने उचकटली आणि आत आला. मला नंतर म्हणाला, "आजी, आधी वाटलं कुणी काम काढलंय. पण घाव फार वेडेवाकडे पडत होते, म्हणून बघायला आलो." बघ, मी महिनोन्‌महिने मार खात होते ते या आळीत कुणाला ऐकू गेलं नाही. हातोडी वेडीवाकडी पडली ती मात्र ऐकू गेली. पण माणूस भला. त्याने याला लाथ घालून बाजूला पाडलं, मग पोलीस आले.

आता माझं ऐक, कारण खरं पत्र इथून सुरू होतं.

तो कोठडीत आहे. पण फार दिवस राहील असं नाही. पोलीसबाई परवा स्पष्टच म्हणाली, "आजी, सुताराने शेवटचं तेवढं बघितलं. आधीचं सगळं तुम्हीच सांगू शकता. तुम्ही जबाब दिला नाहीत, तर तो सुटेल." मी म्हटलं, विचार करते. हो, म्हटलं तसं. तुझ्यापासून काय लपवू? ज्याच्या तापात रात्र रात्र जागले त्याला आपल्या तोंडाने तुरुंगात धाडायचं, हे काही ऊठ म्हणता होत नाही.

मग माझा भाऊ आला, फळं घेऊन. पलंगाशी बसला आणि म्हणाला, "ताई, जिन्यावरून पडलीस म्हण. एकुलता एक आहे. माणूस आहे, राग येतो. झाकली मूठ सव्वा लाखाची." मी त्याला विचारलं, "हे जिन्यावरून झालं?" आणि दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले, प्लास्टरचे दोन दगड. तो फळं पिशवीतून काढून मांडायला लागला. डॉक्टर म्हणालेत, बोटं जुळतील, पण पेन धरायची आशा ठेवू नका.

जाता जाता भावाने खिशातून निरोप काढला, कोठडीतून आलेला. मला वाटलं, माफी मागितली असेल. आई आहे ना मी, मला तसंच वाटणार. निरोप असा होता: "आईला सांग, काळजी करू नकोस. मी दुसरा सुरवाला बघून ठेवलाय. पियानो पूर्ण दुरुस्त होतो म्हणतो. एकदा सुरात आला की ती परत येईल. या वेळी ठकूलाच पत्र लिहू."

ठकूलाच.

मी भावाला म्हटलं, फळं उचल आणि नीघ. आणि सिस्टरला म्हटलं, पोलीसबाईला बोलाव, आत्ता.

सगळं सांगितलं. पातेलं, काटा, सुरवाल्याची बोटं, ठकूच्या दाराची कडी. तुझ्या वेळचंही सांगितलं, मला जेवढं दिसलं आणि ऐकू आलं तेवढं सगळं. मधेच रडले, मग पाणी प्याले, मग पुन्हा सांगितलं. पोलीसबाईने वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आता सही." मग तिचं तिलाच उमगलं आणि ओशाळली. हात दोन्ही प्लास्टरमध्ये. अंगठे आत. सही नाही की अंगठा नाही.

तू मला भेटायला येऊ नकोस. तुझा पत्ता त्याच्याकडे आहे, तेव्हा आधी जागा बदल, आणि सगळं थंड होईपर्यंत नवा पत्ता कुणाला कळू नये. ठकूला आजी वाईट वाटली असेल, तर वाटू दे, मोठी झाली की सांग. पियानो गेला. तुझ्या आईची तेवढी एक वस्तू होती, ती मी फोडली, त्याचं मला फार वाईट वाटतं आणि तरीही पुन्हा फोडीन.

पोलीसबाई म्हणाली, हाताला इजा असेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. सिस्टरने चादर वर केली. अंगठ्याला शाई लावली, गार लागली. कागद पाटीवर धरून पायाशी आणला. वर त्याचं पूर्ण नाव लिहिलेलं होतं, बारशाला मीच ठेवलेलं. पोलीसबाई म्हणाली, आजी, घाई नाही. मी म्हटलं, आहे. आणि त्याच्या नावाखाली पाय दाबला.

आई